स्त्रीबीज तयार होण्याच्या गोळ्या : सुरू करण्याआधी नवरा-बायको दोघांनी हे समजून घ्या

शिरड शहापूर (ता. औंढा नागनाथ) : लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं की गावात विचारणा सुरू होते. "काही गोड बातमी?" हा प्रश्न हळदी-कुंकवात, लग्नात, अगदी शेतात हळद काढतानाही सुनेलाच विचारला जातो. मग कुणी अंगारा सुचवतं, कुणी कुण्या वैदूची पुडी आणून देतं, तर कुणी मेडिकलवरून "पोरं होण्याच्या गोळ्या" आणतं. या गोळ्या खऱ्या आहेत आणि अनेक घरांत त्यांनी पाळणा हलवला आहे. पण त्या कुणाला, कधी आणि कशा द्यायच्या, याचे नियम आहेत.

गोळी नेमकं काय करते?

दर महिन्याला बाईच्या अंडाशयात एक बीज पिकतं आणि पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. काही बायकांमध्ये हे बीज पिकतच नाही किंवा कधीमधी पिकतं. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते. पीसीओएस किंवा पीसीओडी हे त्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. थायरॉईड बिघडल्यानेही असं होतं.

अशा वेळी डॉक्टर मुख्यतः दोन गोळ्या वापरतात. एक क्लोमिफीन, दुसरी लेट्रोझोल. त्यांचं काम पाण्याच्या टाकीवरून लवकर कळतं. टाकीतलं पाणी उतरलं की फ्लोट खाली जातो आणि मोटार सुरू होते. शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन म्हणजे ते पाणी. लेट्रोझोल हे पाणीच थोडे दिवस कमी करतं. क्लोमिफीन फ्लोट अडकवून ठेवतं, त्यामुळे मेंदूला टाकी रिकामी वाटते. दोन्हीत मेंदू मोटार सुरू करतो, म्हणजे बीज वाढवणारं हार्मोन जास्त सोडतो, आणि बीज पिकायला लागतं.

आधी बंदी, मग परवानगी

लेट्रोझोल मुळात स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध. मूल होण्यासाठी ते वापरायला केंद्र सरकारने २०११ मध्ये बंदी घातली होती. पुढे अभ्यास तपासून २०१७ मध्ये ती उठवली. त्यामुळे चिठ्ठीवरचं नाव मोबाईलवर शोधून "कॅन्सरची गोळी दिली" म्हणून घाबरायचं कारण नाही.

२०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच पाळ्यांपर्यंत उपचार दिल्यावर लेट्रोझोल घेणाऱ्या १०० पैकी साधारण २७ जणींना मूल झालं, क्लोमिफीन घेणाऱ्या १०० पैकी १९ जणींना. म्हणून आता पीसीओएसमध्ये लेट्रोझोलला पहिली पसंती असते. याच आकड्यांतून दुसरी गोष्टही कळते. पहिल्याच महिन्यात दिवस गेले नाहीत म्हणून हातपाय गाळायचे नाहीत, आणि सुनेला बोल तर मुळीच लावायचा नाही.

आधी तपासणी, मग गोळी

मूल न होण्यात पुरुषाचा दोषही बऱ्याच जोडप्यांत असतो. त्यामुळे नवऱ्याची वीर्य तपासणी पहिल्यांदाच व्हायला हवी. ती सोपी आहे, सुई टोचावी लागत नाही. तरी आपल्याकडे बाई दोन-तीन वर्षं गोळ्या खाते आणि पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाही. शुक्राणूच कमी असतील तर बायकोने कितीही गोळ्या घेऊन काय उपयोग?

बाईची थायरॉईड, प्रोलॅक्टिन या रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी होते. गर्भनळ्या बंद असतील तरी या गोळ्यांचा उपयोग नाही. आपल्याकडे गर्भाशयाच्या टीबीमुळेही नळ्या बंद पडतात. घरात कुणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

गोळ्या कशा घेतात?

पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान गोळी सुरू होते आणि पाच दिवस चालते. डोस डॉक्टरच ठरवतात. साधारण दहाव्या-अकराव्या दिवसापासून सोनोग्राफीत बीजाची पिशवी किती वाढली ते बघतात. ती १८ ते २० मिलिमीटर झाली की कधी बीज फुटण्याचं इंजेक्शन देतात. त्या चार-पाच दिवसांत नवरा-बायकोने एकत्र राहणं गरजेचं असतं. नवरा ऊसतोडीला किंवा पुण्याला कामाला आणि बायको गावी, असं असेल तर तो महिना वायाच जातो.

धोके कोणते?

अंगातून वाफा निघणं, डोकं दुखणं, मळमळणं असा त्रास होऊ शकतो. नजर धूसर झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगावं. पोट फुगलं, जोरात दुखलं, दम लागला किंवा लघवी कमी झाली तर रात्रीच्या रात्री दवाखाना गाठावा. क्लोमिफीनने दिवस गेले तर १०० पैकी ५ ते ८ जणींना जुळं राहतं. दिवस गेल्याची शंका असताना या गोळ्या घ्यायच्या नाहीत. सहा महिने बीज फुटूनही दिवस राहिले नाहीत तर त्याच गोळ्या रेटत न बसता पुढचा सल्ला घ्यावा.

मुलगाच होण्याची म्हणून कुणी औषध देत असेल तर ती शुद्ध फसवणूक आहे. गर्भलिंग निवड कायद्याने गुन्हा आहे.

दवाखान्यात कधी जायचं?

बाईचं वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर वाट पाहून जावं. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी, आणि पाळी फारच अनियमित असेल तर लगेच. सुरुवात गावच्या आशाताईंना विचारून किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयातून करता येते. पुढच्या तपासण्यांसाठी नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी केल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. फॉलिक ॲसिडची गोळी मूल ठरवल्यापासूनच सुरू करावी. नवऱ्याने तंबाखू, दारू सोडावी.

आणि पहिल्या दिवशी दवाखान्यात जाताना सुनेला एकटीला किंवा सासूसोबत पाठवू नये. दोघांनी मिळून जावं, निम्मं काम तिथेच होतं.