उंबरठा काढला, ठेच राहिली

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी आमची आई ओवाळणीचे तबक घेऊन शेजघरातून दिवाणखान्यात येत होती. दाराशीच तिच्या पायाचा अंगठा अडकला. तबक गेले, निरांजन विझले. चौकट हाताशी होती म्हणून ती सावरली. वय ७८. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी घडले आहे त्यांना सांगायला नको.

दोष आमच्याच हौसेचा. दिवाणखान्यातल्या जुन्या मोझेक फरशीचा आम्हांला कंटाळा आला होता. ती फोडायची म्हणजे धूळ, मजुरी आणि शेजाऱ्यांचे बोल! म्हणून तिच्यावरच नव्या टाइल्स बसवल्या. शेजघरात मोझेक तशीच ठेवून वर गालिचा अंथरला, आणि मधला लाकडी उंबरठा ‘जुनाट दिसतो’ म्हणून काढून टाकला. कारागिराने सांध्यावर एक पितळी पट्टी ठोकली. ठोकताना टाइलचा एक टवका उडाला, तो पट्टीखाली झाकला गेला. पट्टी मोठी झकास दिसत होती!

खरी गोम पट्टीच्या खाली होती. नवी टाइल आणि तिच्याखालचा मसाला मिळून ५ सूत उंची झाली होती आणि गालिचा भरत होता जेमतेम २ सूत. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारमंडळी अजून याच मापाने बोलतात.) म्हणजे ३ सुतांची पायरी! अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी २०१० साली जे नियम ठरले, त्यांत जमिनीची सरळ उभी चढण पाव इंचापर्यंतच चालते, म्हणजे २ सूत. त्याहून जास्त असली तर तिला उतार द्यावा लागतो. ठेच लागते ती मोठ्या पायरीने नव्हे, कारण ती दिसते. लागते ती या न दिसणाऱ्या ३ सुतांनी.

मग आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या सुताराला बोलावले. त्याने पितळी पट्टी उचकटून बाजूला ठेवली आणि आधी गालिचाची उंची वाढवली. गालिचाखाली ३ सूत जाडीचा घट्ट नमदा घातला. मऊ घातला तर पाय पडताच दबतो आणि पायरी पुन्हा उघडी पडते. टाइलच्या कडेला समांतर, बारीक उभ्या खिळ्यांची लाकडी पट्टी बसवली. ही पट्टी २ सुतांची, म्हणून तिच्याखाली १ सुताची प्लायवूडची चीप दिली. खिळ्यांची टोके टाइलकडे झुकलेली हवीत, तरच ताणलेला गालिचा मागे सरकत नाही. ही पट्टी हातोडीने न ठोकता भोके पाडून स्क्रूने बसवावी, नाहीतर शेजारची टाइल तडकते.

पट्टी आणि टाइल यांच्यामध्ये गालिचाच्या जाडीपेक्षा किंचित कमी फट ठेवली होती. गालिचा ताणून खिळ्यांवर बसवला, कड अर्धा इंच जास्त राखून कापली आणि बोथट, रुंद छिन्नीने ती फटीत दाबून दिली. संपले काम! वर पट्टी नाही, स्क्रू नाही, हात फिरवला तरी सांधा बोटाला लागत नाही. सांधाही मिटलेल्या दाराच्या बरोबर खाली घेतला, म्हणजे एका खोलीतून दुसरीची जमीन डोकावत नाही. उडालेला टवका तेवढा दिसतो, दिसू दे.

एक खर्च मात्र आमच्या ध्यानात आला नव्हता. गालिचा ३ सुतांनी उचलला गेल्यावर दार त्याला घासू लागले, तेव्हा ते बिजागऱ्यांवरून उतरवून खालून रंधून घ्यावे लागले. आणि मोलकरणीला बजावले आहे, की पोछा घट्ट पिळूनच दाराशी आणायचा. गालिचाची कड एकदा भिजली की पावसाळाभर कुबट वास जात नाही.

यंदा आईने अनवाणी पायाने त्या सांध्यावरून दोनदा ये-जा केली. म्हणाली, “झाले खरे चांगले. पण गालिच्यावर लक्ष्मीची पावले कशी काढायची रे?”