वितरित संगणन प्रणाली

वितरित संगणन प्रणाली : परस्परांपासून अलग असलेले अनेक संगणक जेव्हा जालकाने जोडले जाऊन केवळ संदेशांच्या देवाणघेवाणीच्या साहाय्याने एखादे सामाईक कार्य पार पाडतात, तेव्हा त्या संगणकसमूहास ‘वितरित संगणन प्रणाली’ असे म्हणतात. अशा प्रणालीतील प्रत्येक घटक संगणकास स्वतःची स्मृती व स्वतःचे घड्याळ असते. सर्वांना समान असलेली स्मृती किंवा सर्वमान्य घड्याळ नसते. वापरणाऱ्यास मात्र ही प्रणाली एकच यंत्र असल्यासारखी भासावी, अशी अपेक्षा असते. रेल्वेचे आरक्षण, बँकांचे व्यवहार, जमिनीचे अभिलेख व हवामानाचे अंदाज ही कामे आता अशाच प्रणालींवर अवलंबून आहेत.

समांतर संगणन व वितरित संगणन यांत फरक आहे. समांतर संगणनात एक मोठे गणित लवकर सुटावे म्हणून अनेक प्रक्रियक एकाच जागी, अतिजलद जोडणीने एकत्र आणतात. वितरित संगणनात अंतर हे मूळचेच असते. माहिती निरनिराळ्या गावी निर्माण होते व तेथेच वापरलीही जाते. या दोहोंतील सीमारेषा मात्र १९९० नंतर पुष्कळ पुसट झाली.

इतिहास : संगणकांच्या सुरुवातीच्या काळात एकाच मोठ्या यंत्रावर सर्व कामे केली जात. अमेरिकेत १९६९ मध्ये आर्पानेट हे जालक सुरू झाले आणि १९७३ मध्ये ईथरनेट या स्थानिक जालकाची कल्पना पुढे आली. त्यामुळे दूरचे व जवळचे संगणक जोडणे शक्य झाले. भारतात शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या ‘एर्नेट’ या जालकाचे काम १९८६ मध्ये सुरू झाले आणि त्यात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्राचा महत्त्वाचा वाटा होता. सामान्य लोकांचे घरगुती संगणक रिकाम्या वेळी वापरून शास्त्रीय गणिते करण्याचा सेटी ॲट होम हा प्रकल्प १९९९ पासून २०२० पर्यंत चालला. २००६ नंतर संगणनशक्ती दुरून भाड्याने घेण्याची ‘मेघ संगणन’ ही पद्धत रूढ झाली.

मूलभूत अडचणी : वितरित प्रणालीतील बहुतेक अडचणी तीन कारणांनी उद्‌भवतात. पहिले कारण विलंब हे होय. प्रकाशीय तंतूतून संदेश सेकंदास सु. २ लाख किमी. या वेगाने जातो. म्हणजे ५०० किमी. अंतरास त्याला किमान अडीच सहस्रांश सेकंद लागतो. सेकंदास १ अब्ज स्पंदांनी चालणाऱ्या प्रक्रियकाचे एवढ्या वेळात २५ लाख स्पंद होऊन जातात. दुसरे कारण आंशिक बिघाड हे होय. एकटा संगणक बंद पडला, तर सर्व काम थांबते व ते कळतेही. वितरित प्रणालीत एक घटक बंद पडला, तरी इतर चालू राहतात आणि उत्तर न देणारा घटक बंद पडला आहे की केवळ संदेशास उशीर झाला आहे, हे त्यांना निश्चितपणे सांगता येत नाही. तिसरे कारण म्हणजे समान काळाचा अभाव.

काळ व क्रम : कोणत्याही दोन संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे दोन गावी घडलेल्या घटनांपैकी आधीची कोणती, हे नुसत्या वेळेच्या नोंदीवरून ठरविणे धोक्याचे असते. लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यावर ‘तार्किक घड्याळा’ची कल्पना मांडली. संदेश पाठविण्याची घटना तो मिळण्याच्या घटनेपूर्वीच घडलेली असते, या साध्या तत्त्वावर ती आधारलेली आहे. प्रत्येक घटक आपल्या घटनांना चढते क्रमांक देतो, संदेशाबरोबर तो क्रमांक पाठवितो आणि ज्यास संदेश मिळतो तो आपला क्रमांक त्याहून पुढे नेतो. अशा रीतीने कारण व परिणाम यांचा क्रम घड्याळाशिवाय राखता येतो. चालू प्रणालीची सुसंगत स्थिती ती न थांबविता कशी नोंदवावी, याची पद्धत भारतात जन्मलेले के. मणी चांडी व लॅम्पोर्ट यांनी १९८५ मध्ये दिली.

सहमती : अनेक घटकांनी एकाच निर्णयावर येणे, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय. काही घटक निव्वळ बंद न पडता चुकीचे किंवा परस्परविरोधी संदेश पाठवीत असतील, तर प्रश्न अधिक बिकट होतो. लॅम्पोर्ट, शोस्टाक व पीस यांनी १९८२ मध्ये तो वेढा घालून बसलेल्या सेनापतींच्या रूपकाने मांडला. संदेशांवर खोटी न करता येणारी सही नसेल, तर एका फितुरावर मात करण्यास एकूण किमान चार सेनापती लागतात, असे त्यांनी दाखविले. फिशर, लिंच व पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केले, की संदेशाच्या विलंबास कोणतीही मर्यादा नसेल आणि एक जरी घटक बंद पडण्याची शक्यता असेल, तर सहमती निश्चितपणे घडवून आणणारी निर्धारित कार्यपद्धती असूच शकत नाही. व्यवहारात ठराविक काळ वाट पाहून व बहुमताच्या आधारे या अडचणीतून मार्ग काढतात. पॅक्सॉस (१९९८) व राफ्ट (२०१४) या पद्धती या प्रकारच्या आहेत.

व्यवहारांची निश्चिती : रेल्वे आरक्षण हे याचे परिचित उदाहरण होय. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव स्थानकावरील खिडकीवर व मुंबईतील खिडकीवर एकाच क्षणी एकाच गाडीतील शेवटची शायिका मागितली गेली, तर ती एकासच मिळाली पाहिजे. भारतीय रेल्वेची दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील आरक्षण केंद्रे प्रारंभी स्वतंत्र होती. ‘कॉन्सर्ट’ या आज्ञावलीने ती १९९९ मध्ये जोडण्यात आली. या रचनेत प्रत्येक गाडीची नोंद एका ठराविक केंद्राकडे असे आणि अन्य केंद्राकडे आलेली मागणी त्या केंद्राकडे पाठविली जाई. निर्णय एकाच जागी होत असल्याने दुहेरी विक्री टळते.

दोन निराळ्या संस्थांच्या नोंदी एकाच वेळी बदलावयाच्या असतात, तेव्हा हा उपाय पुरत नाही. खामगावच्या बाजारात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यास व्यापाऱ्याने भ्रमणध्वनीवरून पैसे दिले, तर एका बँकेत खर्च व दुसरीत जमा अशा दोन नोंदी व्हाव्या लागतात. दोन्ही व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, हे यातील मूलतत्त्व आहे. ‘द्विटप्पी निश्चिती’ या पद्धतीत समन्वयक प्रथम सर्वांना तयारी विचारतो आणि सर्वांचा होकार आल्यावरच पक्की आज्ञा देतो. मात्र होकारानंतर समन्वयकच बंद पडला, तर इतरांना ताटकळत राहावे लागते. म्हणून भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या यूपीआयसारख्या प्रणालींत प्रत्येक व्यवहारास स्वतंत्र क्रमांक देतात. तोच संदेश पुन्हा आला तरी त्यामुळे रक्कम पुन्हा वळती होऊ नये, हा त्यामागील हेतू असतो. अर्धवट राहिलेले व्यवहार नंतर ताळा करून पूर्ण करतात किंवा रक्कम परत करतात. खात्यातून रक्कम गेली परंतु समोरच्यास मिळाली नाही, हा अनुभव म्हणजे पहिल्या व दुसऱ्या नोंदीमधील हा अनिश्चित काळच होय.

जालकविच्छेद : जालक मध्येच तुटले, तर दोन्ही बाजूंनी काम चालू ठेवणे आणि दोन्ही बाजूंच्या नोंदी सदैव एकसारख्या ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये हे विधान मांडले व गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ मध्ये ते सिद्ध केले. कोणती गोष्ट सोडावयाची, हे कामाच्या स्वरूपावर ठरते. पर्जन्यमापकाची नोंद तासभर उशिरा पोहोचली तरी चालते. जमिनीच्या मालकीची नोंद दोन ठिकाणी दोन प्रकारची असणे चालत नाही.

महाराष्ट्रातील संशोधन : अमेरिकेने शक्तिशाली महासंगणकांच्या निर्यातीवर घातलेल्या निर्बंधांच्या पार्श्वभूमीवर पुण्यात १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले विजय भटकर हे त्याचे पहिले संचालक होत. एका अतिवेगवान प्रक्रियकाऐवजी ट्रान्सप्यूटर हे अनेक लहान प्रक्रियक संदेशांनी जोडण्याचा मार्ग केंद्राने स्वीकारला आणि त्यातून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा संगणक सिद्ध झाला. पुढे याच केंद्राने ‘गरुडा’ या राष्ट्रीय जाळ्याचा प्रकल्प हाती घेऊन १७ शहरांतील ४५ संस्थांची संगणनसाधने जोडण्याचे काम केले.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक हे विविध तंत्रविद्यांच्या एकत्रीकरणाचे उत्तम उदाहरण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दूरदर्शकात ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या सु. २५ किमी. विस्तारात पसरलेल्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी असून उरलेल्या १६ तीन भुजांवर आहेत. प्रकाशीय तंतूंनी आलेले संकेत मध्यवर्ती ठिकाणी जोडीजोडीने ताडून पाहतात. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. तरंग एका टोकाच्या तबकडीवर दुसऱ्या टोकाहून फार तर सु. ८० मायक्रोसेकंद आधी वा नंतर पोहोचतो आणि हा फरक अचूक भरून काढल्याशिवाय प्रतिमा मिळत नाही. हे काम प्रथम खास बनविलेल्या परिपथांकडून करून घेत. २०१० च्या सुमारास ते सर्वसाधारण संगणकांच्या समूहावर आज्ञावलीद्वारे होऊ लागले. या दूरदर्शकाच्या संशोधनासाठी ‘परम रुद्र’ मालिकेतील महासंगणक २०२४ मध्ये कार्यान्वित झाला.

जिल्हा पातळीवरील उपयोग : बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात या तंत्रविद्येचा प्रत्यक्ष संबंध सात-बारा उताऱ्याशी येतो. गाव नमुना सातमध्ये मालकी व बोजा, तर नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. नोंदी कागदी दप्तरात असताना तलाठी, तहसील कार्यालय, दुय्यम निबंधक व बँक यांच्या नोंदींत अंतर पडण्यास वाव असे. कर्जाचा बोजा वेळेवर न चढल्यास त्याच जमिनीवर दुसरे कर्ज दिले जाण्याची किंवा जमीन दोनदा विकली जाण्याची शक्यता राही; म्हणजे प्रतिकृतींमधील विसंगतीचा प्रश्न संगणकापूर्वीही होताच. महाराष्ट्रात अंकीय स्वाक्षरीचे उतारे २०१८ पासून मिळू लागले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी भ्रमणध्वनीवरून स्वतः पिकाची नोंद करतो. त्यात उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, छायाचित्रण, बिनतारी जालक व मध्यवर्ती माहितीसाठा या चार तंत्रविद्या एकत्र येतात.

जळगाव जामोद व संग्रामपूर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांसारख्या प्रदेशात, जेथे बिनतारी संकेत क्षीण असण्याचा संभव असतो, तेथे नोंद आधी उपकरणात साठवून संपर्क आल्यावर पाठविण्याची सोय अशा प्रणालींत आवश्यक ठरते. उशिरा आलेली नोंद कोणत्या क्रमाने मानावयाची व एकाच गटाच्या दोन भिन्न नोंदी आल्यास काय करावयाचे, हे प्रश्न लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये विचारात घेतलेल्या प्रश्नांच्याच जातीचे आहेत. पीकविमा व नुकसानभरपाई यांसाठी या नोंदींचा आधार घेतला जात असल्याने त्यांतील चूक ही केवळ तांत्रिक राहत नाही.

मर्यादा : वितरित प्रणालीमुळे एका घटकाच्या बिघाडाने सर्व काम ठप्प होण्याचा धोका कमी होतो व गरजेनुसार संगणक वाढविता येतात. तथापि तिची रचना, चाचणी व दोषशोधन अवघड असते, कारण संदेशांच्या विशिष्ट क्रमामुळे उद्‌भवलेला दोष पुन्हा तसाच दिसेल याची खात्री नसते. माहिती अनेक ठिकाणी असल्याने तिच्या गोपनीयतेचे रक्षणही कठीण होते. म्हणून संगणकीय नोंदीबरोबरच तक्रार नोंदविण्याची, नोंद तपासून दुरुस्त करण्याची व निर्णयास उत्तरदायी अधिकारी नेमण्याची व्यवस्था असणे, हा सार्वजनिक उपयोगाच्या वितरित प्रणालीचा आवश्यक भाग मानला पाहिजे.