त्रुटींची फाइल नेमकी कोणत्या संगणकावर बनते?

एसएसएच वापरून दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवली आणि शेवटी ‘2>’ लिहून फाइलचं नाव दिलं, की त्रुटींची फाइल त्या सर्व्हरवर बनते, असं पुष्कळजण धरून चालतात. तिथे ती सापडली नाही, की दोष एसएसएचवर जातो. खरं तर अवतरणचिन्हांबाहेरचं ‘2>’ एसएसएचपर्यंत पोहोचतच नाही. आपल्या संगणकावरचं शेल ते आधीच वाचतं, फाइल इथेच उघडतं आणि उरलेली कमांड एसएसएचच्या हाती देतं. तीच कमांड ‘2>’सकट अवतरणचिन्हांत घातली, तर ती जशीच्या तशी पलीकडे जाते आणि फाइल सर्व्हरवर, बहुधा तिथल्या होम डिरेक्टरीत, बनते. अवतरणचिन्हं एकेरी असलेली बरी. दुहेरी असली, तर डॉलरचिन्हाने सुरू होणाऱ्या चलांच्या किमती इथलंच शेल भरून मोकळं होतं.

यावर शंका निघते, की एकाच जोडणीवरून येणारं आउटपुट आणि त्रुटी वाटेत मिसळत असतील, मग इथे बसून त्या वेगळ्या कशा होणार? त्या मिसळत नाहीत. 2006 सालच्या आरएफसी 4254 मध्ये त्रुटींच्या मजकुरासाठी स्वतंत्र प्रकार ठरवून दिला आहे, त्यामुळे दोन्ही प्रवाह सुटे पोहोचतात. मिसळण आपणच करतो: ‘टी’ पर्याय देऊन टर्मिनल मागतो तेव्हा, किंवा सवयीने ‘2>&1’ जोडतो तेव्हा. सर्व्हरवरच्या टारचं आउटपुट थेट इथल्या बॅकअप फाइलमध्ये घेताना अवतरणांच्या आत ‘2>&1’ राहिलं, तर एखादी ‘परवानगी नाही’सारखी सूचना त्या फाइलच्या मधोमध जाऊन बसते आणि बॅकअप बिघडतो. हे कळतं ते बहुधा तो उघडायची वेळ येते तेव्हा, म्हणून ही सवय मला सर्वांत घातक वाटते.

मग त्रुटी सर्व्हरवरच लिहाव्यात का? जोडणीच झाली नाही, तर तिथे काहीच लिहिलं जाणार नाही. इथल्या फाइलमध्ये मात्र सर्व्हरवरच्या प्रोग्रामच्या तक्रारींबरोबर एसएसएचच्या स्वतःच्याही तक्रारी येतात. ही सरमिसळ खरी अडचण आहे, पण एसएसएच स्वतः अडखळलं तर निर्गम-संकेत 255 मिळतो, एरवी दूरच्या कमांडचाच संकेत परत येतो. तेव्हा बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये त्रुटी इथल्या फाइलमध्ये घ्या, संकेत तपासा आणि त्या डेव्ह-नलमध्ये कधीही टाकू नका.