खवळलेल्या सरोवरात ट्रोलिंग: आधी परतीची वाट

‘ट्रोलिंग’ म्हटलं की आपल्याला समाजमाध्यमं आठवतात, नाहीतर कोकणातले ट्रॉलर. आजचा विषय वेगळा आहे. ट्रॉलर जाळं ओढतो. ट्रोलिंगमध्ये चालत्या होडीमागून गळाचं आमिष ओढत नेतात. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात ट्राउट आणि सॅमन असेच पकडतात. वारा सुटल्यावर यात नेमकं काय बदलतं, ते आज पाहू.

पहिली गोष्ट वेगाची. होडी माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी साधारण ३ ते ५ किमीने चालवतात. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि हे थंड पाण्यातले मासे खाली जातात. म्हणून तारेला चार-पाच किलोचं वजन बांधून खोल सोडतात आणि गळाची दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवतात. मासा लागला की चिमटा सुटतो. सगळा खेळ असा, की आमिष ठरलेल्या खोलीवर, ठरलेल्या वेगाने चालत राहावं.

लाटा नेमकं हेच बिघडवतात. वाऱ्याला पाठ दिली की प्रत्येक लाट होडीला पुढे ढकलते. आमिष क्षणभर धावतं, मग ढिलं पडतं. वाऱ्याच्या तोंडावर गेलो तर इतक्या कमी वेगात सुकाणू नीट धरत नाही आणि होडीचं तोंड बाजूला वळतं. मग होडी लाटेला आडवी येते, आणि ती सगळ्यांत धोक्याची स्थिती. त्यामुळे अनुभवी नावाडी शक्यतो वाऱ्यासोबत, थोडं तिरकं जातात. वेग फार वाढला तर कापडी पाणपिशव्या बाजूला सोडून होडीला लगाम घालतात. वळतानाही घाई करत नाहीत, कारण वळणात बाहेरचं आमिष वेग घेतं, आतलं मंदावून खाली जातं आणि दोऱ्या गुंततात.

आता मुख्य मुद्दा. वाऱ्यासोबत मासेमारी सोयीची, पण घर मागे राहतं. परतायचं ते लाटांच्या तोंडावर, आणि तोवर वारा वाढलेला असू शकतो.

हे सरोवर सुमारे ४९० किमी लांब आणि जास्तीत जास्त १९० किमी रुंद आहे. वाऱ्याला जितकं मोकळं पाणी मिळतं, तितकी लाट मोठी होते. आपण पूर्व किनाऱ्यावर उभे आहोत असं समजा. पूर्वेचा, म्हणजे जमिनीकडून वारा असेल तर किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसतं. फसगत इथेच होते. आत जावं तशी लाट वाढते, आणि परतताना ती समोरून येते. पश्चिमेचा वारा असेल तर लाट किनाऱ्यावरूनच दिसते, निदान फसवत तरी नाही. पण मग उथळ पाण्यात ती उभी होऊन फुटते, म्हणून किनाऱ्याला लागणंच अवघड होतं.

याची किंमत १९६७ साली मोजली गेली. आदल्या वर्षी मिशिगन राज्याने पॅसिफिककडच्या कोहो सॅमनची पिल्लं नद्यांत सोडली होती. शरद ऋतूत मोठे झालेले मासे नदीकडे परतू लागले, आणि लोक मिळेल ती छोटी होडी घेऊन प्लॅट उपसागराकडे धावले. २३ सप्टेंबरला लहान होड्यांसाठी धोक्याचा इशारा होता, तरी अनेक जण आत गेले. वादळ आलं. फुटणाऱ्या लाटांतून वाळूवर येण्याच्या धडपडीत होड्या उलटल्या. सात जण बुडाले.

तेव्हा क्रम असा ठेवूया: आधी हवामानाचा अंदाज, मग परतीची दिशा, आणि शेवटी मासा. निघताना वाऱ्याच्या तोंडावर लांब जावं आणि बंदराकडे येताना गळ ओढावा. लाटांना पाठ देऊनही बंदराचं तोंड सांभाळून गाठावं लागतं, म्हणून लाट वाढण्याआधीच वळावं. जीवरक्षक जाकीट किनाऱ्यावरच चढवावं. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, आणि थोड्याच वेळात बोटं बधिर होऊन बंद लावता येत नाहीत. आणि समोरून येणाऱ्या लाटेत इंजिनाला जोर लागू लागला, तर दोऱ्या गुंडाळाव्यात. एखादी गुंतली असेल तर सरळ कापून टाकावी.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.