सदिराचं भरतनाट्यम कसं झालं?

मागच्या व्याख्यानात आपण देवळांच्या भिंतींवरची नृत्यशिल्पं पाहिली. त्यानंतर प्रश्न आला होता, ‘भरतनाट्यम दोन हजार वर्षांचं आहे ना?’ आज तिथूनच सुरुवात करू.

उत्तर जरा अडचणीचं आहे. नाट्यशास्त्र हा ग्रंथ प्राचीन आहे, हस्तमुद्रांची परंपराही जुनी आहे. पण आज आपण सभागृहात जो कार्यक्रम बघतो, त्याची मांडणी साधारण दोनशे वर्षांची आहे. आणि ‘भरतनाट्यम’ हे नाव सर्वत्र रूढ होऊन शंभर वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी या नृत्याला सदिर म्हणत, किंवा दासीआट्टम. ‘सदिर’ हा शब्द आपल्या ‘सादर’शी नातं सांगणारा आहे, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. हे नातं आलं कुठून? तर तंजावरहून.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य राहिलं. दरबारात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी अशा चारही भाषा नांदत होत्या. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तर नृत्यासाठी मराठीत निरूपणं रचली, म्हणजे एकच कथा क्रमाने गुंफलेली नृत्यगीतं. त्यांच्याच काळात या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ पुढे आले. त्यांनी अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना असा क्रम पक्का केला. यालाच मार्गम म्हणतात. आज पुण्यातली एखादी मुलगी अरंगेत्रमला जे नाचते, तो आराखडा याच भावंडांचा आहे.

आता प्रश्न असा, की नाचत कोण होतं? शिकवणारे नट्टुवनार पुरुष होते आणि नाचणाऱ्या स्त्रिया देवदासी. देवाशी लग्न लावलेली ही स्त्री कधी विधवा होत नसे, म्हणून तिला नित्यसुमंगली म्हणत. एक गोष्ट इथे नीट लक्षात घेऊ. या स्त्रियांना मालमत्ता बाळगता येत असे, मुलगी दत्तक घेता येत असे आणि लिहिता-वाचता येत असे. त्या काळच्या घरंदाज बाईला यातलं फारच थोडं मिळे. पण लहान मुलीला तिच्या संमतीविना वाहून टाकलं जाई आणि पुढे तिचं आयुष्य आश्रयदात्यांच्या मर्जीवर चाले, हेही तितकंच खरं. यातली एकच बाजू धरून चालणार नाही.

तंजावरचं राज्य खालसा झालं तसा आश्रय आटला. कलावंत मद्रासकडे सरकले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. पुढे तिला खरी धार दिली ती डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी. त्यांची आई देवदासी समाजातली होती. त्या स्वतः डॉक्टर होत्या, मद्रास विधान परिषदेच्या सदस्य होत्या. मुली वाहण्याची प्रथा बंद व्हावी, ही त्यांची मागणी होती.

तिला विरोध कुणी केला? खुद्द देवदासींनी. मद्रासमध्ये त्यांनी संघटना केली, सरकारला निवेदनं दिली. बंगळूर नागरत्नम्मा हे त्यातलं ठळक नाव. या बाई विदुषी होत्या. तंजावरच्या मराठा दरबारातली कवयित्री मुद्दुपळनी हिचं तेलुगू शृंगारकाव्य त्यांनी १९१० मध्ये छापलं, आणि सरकारने ते अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली. थोडक्यात, दोन्ही बाजूंना स्त्रियाच होत्या आणि दोघींकडेही सांगण्यासारखं काही होतं.

याच सुमारास ई. कृष्ण अय्यर या वकिलांनी वेगळी भूमिका घेतली. प्रथा जाऊ द्या, पण नाच वाचवा. स्त्रीवेश घेऊन ते स्वतः नाचून दाखवत. १९३१ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने देवदासी घराण्यातल्या बहिणींचा कार्यक्रम केला. डिसेंबर १९३५ मध्ये अड्यारला रुक्मिणीदेवी अरुंडेल नाचल्या, आणि एका प्रतिष्ठित ब्राह्मण घरातली स्त्री हे करते म्हणून खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी त्यांनी कलाक्षेत्र सुरू केलं. त्यांना शिकवलं कुणी? मैलापूर गौरी अम्मा या देवदासी परंपरेतल्या गुरूंनी आणि मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांनी. हे पिल्लै त्या चार भावांच्याच वंशातले.

रुक्मिणीदेवींनी पोशाख बदलला, मंच बदलला, शृंगाराची पदं गाळली आणि भक्तीवर भर दिला. टी. बालसरस्वती या देवदासी घराण्यातल्या थोर नर्तकीला हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, शृंगार हाच या नृत्याचा श्रेष्ठ भाव. त्याला धुऊन काढावं असं त्यात काही नाही. मार्गमचा क्रम त्या देवळाच्या रचनेसारखा मानत. गोपुरातून आत शिरायचं, एकेक मंडप ओलांडायचा आणि गाभाऱ्याशी पोचायचं.

१९४७ मध्ये मद्रासचा कायदा झाला. मुली वाहणं थांबलं, आणि ते थांबायलाच हवं होतं. पण त्याच कायद्याने देवळाच्या आवारात आणि देवाच्या मिरवणुकीत स्त्रीने नाचणंही बेकायदा ठरलं. १९८१ पासून चिदंबरमच्या देवळात नाट्यांजली महोत्सव होतो. देवळात नाच परत आला. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्यांच्यातल्या अनेकींनी घुंगरू कधीच उतरवले होते. काहींनी तर आपण कोण, हे मुलांनाही सांगितलं नाही.

म्हणून ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ असं आपण म्हणतो तेव्हा सावध राहू. त्या वाक्यात नाट्यशास्त्र येतं, नटराज येतो, पण या बायका येत नाहीत. नृत्याला प्रतिष्ठा मिळाली हे चांगलंच झालं. ती कुणाला वगळून मिळाली, तेही माहीत असावं. हाच प्रश्न आपल्या दाराशीही उभा आहे. लावणी आज टीव्हीवर आणि मोठमोठ्या नाट्यगृहांत दिसते. संगीत बारीतल्या कलावतीला तिचा किती वाटा मिळतो? पुढच्या व्याख्यानात तेच पाहू.