मुक्कामी शिबिर आणि आजारांचं वेळापत्रक

(पुरुषोत्तमनगर येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समोर राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक बसलेत, त्यांचे कार्यक्रम अधिकारी आहेत, मागे स्काउट-गाइडचे शिक्षक दिसताहेत. म्हणजे येत्या हिवाळ्यात तुमच्यातले बरेच जण सात दिवस कुठल्यातरी गावच्या शाळेत सतरंज्या टाकून राहणार. कुणी मुलांना घेऊन तोरणमाळला जाईल, कुणी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूत उतरेल. अशा मुक्कामात आजार आला की सगळे विचारतात, काय झालं? मी आज वेगळा प्रश्न विचारणार आहे: कधी झालं? शिबिराच्या कितव्या दिवशी, किती वाजता? ‘कधी’ नीट कळलं, की आजार कुठून आला हे बऱ्याचदा आपोआप कळतं. आणि कुठून आला हे कळलं तर तो थांबवता येतो.

जंतू शरीरात शिरला की लगेच ताप येत नाही. तो आधी मुरतो, लोणचं मुरतं तसा. पुस्तकात याला अधिशयन काळ म्हणतात. प्रत्येक जंतूचा हा काळ ठरलेला असतो, थोडा मागेपुढे. फ्लूचा एक ते चार दिवस. उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसचा साधारण १२ ते ४८ तास. कॉलऱ्याचा काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. डेंग्यूचा चार ते दहा दिवस. गोवर दहा-बारा दिवसांनी उठतो. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, एक ते तीन आठवडे घेतो. आणि दूषित पाण्यातून येणारी ‘अ’ प्रकारची कावीळ सरासरी २८ दिवस, कधीकधी ५० दिवसही.

आता हे आकडे तुमच्या सात दिवसांच्या शिबिरावर ठेवून बघा. पहिल्या दिवशी संध्याकाळी एखादा मुलगा तापाने फणफणला, तर तो ताप त्याने घरून आणलाय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाबाचे पेशंट निघाले, तर ते बहुतेक तुमच्याच पाण्याचे, तुमच्याच भांड्यांचे. आणि कावीळ? ती शिबिरात दिसणारच नाही. निरोपाचा कार्यक्रम होईल, फोटो निघतील, आणि महिनाभराने चार मुलांचे डोळे चार वेगवेगळ्या गावांत पिवळे होतील.

घरून येणाऱ्या आजारांपासून सुरुवात करू. आपल्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र. त्याचं काय होतं, याचं एक उदाहरण सांगतो. २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यात मुलांचं एक निवासी शिबिर भरलं. येणाऱ्या प्रत्येकाकडून कोरोना निगेटिव्हचा कागद घेतला होता, पण तो १२ दिवसांपर्यंत जुना चालत होता. २१ जूनला मुलं आली. २२ तारखेला एका तरुण कार्यकर्त्याला थंडी वाजून आली. २७ ला शिबिर बंद करावं लागलं. राज्यातले ५९७ जण तिथे होते, त्यातल्या ३४४ जणांचे तपासणी अहवाल मिळाले, आणि २६० पॉझिटिव्ह निघाले. मुलांना मास्क नव्हते, खोल्यांच्या खिडक्या बंद, आणि रोज जोरजोरात गाणी आणि घोषणा. त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या चार शिबिरांत मिळून १,०२२ जण होते. तिथे फक्त तिघे पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांच्यापासून पुढे कुणालाच लागण झाली नाही. त्यांनी येण्याआधी घरी वेगळं राहायला लावलं, आल्यावर पुन्हा तपासलं, आणि मुलांचे छोटे गट करून गट एकमेकांत मिसळू दिले नाहीत.

कोरोना बाजूला ठेवा. कागद मागच्या आठवड्याची गोष्ट सांगतो, मुलगा आज येतोय. म्हणून बसमधून उतरतानाच प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: ताप-खोकला आहे का, जुलाब-उलटी झाली का, अंगावर पुरळ किंवा डोळे आलेत का. आणि ज्याचं उत्तर ‘हो’ आहे त्याला रागावू नका. रागावलात की पुढचे एकोणपन्नास जण ‘नाही’ म्हणतील.

दुसरं, गट करायचेच आहेत तर झोपण्यासाठीही करा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या केटरहॅमच्या बराकीत मेंदूज्वराची साथ होती. ग्लोव्हर नावाच्या डॉक्टरांनी सैनिकांच्या घशाचे नमुने घेतले, तेव्हा दिसलं की खाटा जितक्या खेटून, तितके जंतू बाळगणारे जास्त. खाटांमध्ये अडीच फूट अंतर ठेवल्यावर प्रमाण उतरलं. आपल्या वर्गखोलीत अडीच फूट कुठून आणणार, हे मला कळतं. मग एकाचं डोकं भिंतीकडे, शेजारच्याचे पाय भिंतीकडे, असं आडवंतिडवं झोपवा. तोंडातोंडातलं अंतर फुकटात वाढतं. आणि थंडी असली तरी वरची एक खिडकी उघडी राहू द्या.

आता मधले दिवस. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शिबिरं मोडतात ती इथेच.

पाणी आधी. सातपुड्यातला झरा किंवा गावची विहीर, पाणी काचेसारखं दिसतं. नितळ पाणी आणि सुरक्षित पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, त्याच्याकडे टीसीएल पावडर असते. शिबिराच्या आधी त्याला गाठा. गावाच्या पाण्याला हिरवं कार्ड आहे, पिवळं आहे की लाल, तेही विचारून घ्या. पावडर ताजी असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा. ती थेट टाकीत भुरभुरायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, आणि वरची निवळी टाकीत ओतायची. अर्धा तास थांबायचं. मग ओटी टेस्ट: नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की पिवळसर रंग आला पाहिजे. रंग नाही आला, तर पाणी पिण्यालायक झालेलं नाही, किंवा पावडर मेलेली आहे. उघड्या पोत्यातली पावडर हवेने मरते, आणि गावोगाव ती उघड्या पोत्यातच असते. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवा, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो.

एवढं केलं आणि पिंपातून पाणी प्रत्येकाने आपापल्या पेल्याने बुडवून घेतलं, तर सगळी मेहनत वाया. तोटीचं पिंप आणा. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते एकाच माणसाच्या हातात.

मग स्वयंपाक. खान्देशात शिबिराचा शेवटचा बेत बहुधा वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी. ते गरम गरम वाढलं जातं, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे सकाळच्या भाताची, जो दुपारभर पातेल्यात झाकून ठेवतात आणि रात्री फोडणी देतात. भातावर एक जंतू वाढतो, तो जे विष सोडतो ते फोडणीच्या उष्णतेने मरत नाही. दुधाच्या पदार्थांत, आचाऱ्याच्या बोटावरच्या पिकलेल्या जखमेतून जाणारा जंतू असतो, त्याचंही तसंच. ‘पुन्हा उकळून घेतलं ना’ हे तिथे उत्तर होत नाही. शिजवलेलं दोन तासांत संपवा. उरलं तर गुरांना द्या, उद्याला ठेवू नका. ज्या आचाऱ्याला जुलाब झाले त्याला ते थांबल्यावरही पूर्ण दोन दिवस चुलीपासून लांब ठेवा. त्याची मजुरी मात्र कापू नका. कापलीत तर तो सांगणारच नाही.

हात धुण्याबद्दल तुम्ही आयुष्यभर ऐकलंय, मी एवढंच सांगतो: सॅनिटायझरची बाटली ठेवून मोकळे होऊ नका. नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. उलटी झाली तर ती जागा नुसती पुसून भागत नाही. लिटरभर पाण्यात तीन चमचे टीसीएल कालवून ते ओता, थोडा वेळ राहू द्या, मग हातमोजे घालून पुसा.

तरीही पेशंट निघाले. आता माझं आवडतं हत्यार: शंभर पानी वही. पहिल्या दिवसापासून, एकही पेशंट नसताना, ती उघडायची. नाव, झोपण्याची खोली, त्रास सुरू झाल्याची वेळ, आधीच्या दोन जेवणांत काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं. समजा पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान एकदम पंधरा जण उलट्या करायला उठले. सगळे एकाच वेळी म्हणजे कारण एकच, बहुतेक रात्रीचं जेवण. तिथे त्या जेवणाचा वाटीभर नमुना झाकून ठेवला असेल तर तपासणाऱ्यांना सोनं मिळतं. प्रत्येक जेवणाचा असा नमुना २४ तास थंड जागी ठेवायची सवय लावा. आता दुसरं चित्र: आज दोन, उद्या चार, परवा आठ. हा माणसाकडून माणसाकडे चाललाय. इथे आचारी बदलून काही होणार नाही. आजाऱ्यांची खोली वेगळी करावी लागेल, संडास वेगळा करावा लागेल. दोन्ही वेळा एकूण पेशंट सारखेच असू शकतात. फरक फक्त वेळेच्या रकान्यात दिसतो.

एकाच दिवशी तीन जणांना सारखाच त्रास झाला की प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करायचा. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून दोन दिवस थांबणारे मी पाहिलेत. दोन दिवसांत दोनाचे आठ होतात, आत्ताच बघितलं आपण.

जुलाबात जीव जातो तो पाणी कमी झाल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला होता आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज तेच आपण ओआरएस म्हणून देतो. मोठं पाकीट एक लिटरला असतं, छोटं २०० मिलीला. पाकिटावर वाचा. अंदाजाने अर्धं पाकीट पेल्यात टाकलं तर ते जास्त खारट होतं आणि नुकसान करतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. शौचात रक्त, न थांबणारी उलटी, सुस्ती, लघवी बंद, मान ताठ, किंवा तापात अंगावर जांभळे डाग, यातलं काहीही दिसलं की १०८. वाट बघायची नाही.

इथे थोडं विषयाबाहेरचं. आपण बसलोय ते सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याचं गाव. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या उभ्या राहतात, लहान मुलांसकट, पाच-सहा महिने. तीही शिबिरंच आहेत, फक्त त्यांना कार्यक्रम अधिकारी नाही. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर जे ‘स्फिअर’ मापदंड मानतात, ते वीस माणसांमागे एक संडास आणि माणशी रोज किमान १५ लिटर पाणी सांगतात. तुमच्या शिबिराचं गणित याने करून बघा, आणि एकदा कोप्यांचंही करा. सेवा योजनेला विषय शोधायला लांब जायची गरज नाही.

आता शिबिर संपल्यानंतरचे आजार. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात, हिवताप आहे. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत किमान आठवडा जातो, बहुधा नऊ ते चौदा दिवस, आणि हिवतापाचा एक प्रकार तर काही महिन्यांनीही उठतो. म्हणजे पुण्या-मुंबईहून तोरणमाळला आलेल्या मुलाला ताप येईल तो घरी गेल्यावर. तिथला डॉक्टर व्हायरल म्हणेल, कारण मूल कुठे जाऊन आलं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. गवतात बसल्या-झोपल्यावर चावणाऱ्या किड्यांपासून स्क्रब टायफस होतो, २०१८ मध्ये विदर्भात त्याने बराच त्रास दिला. त्यालाही एक ते तीन आठवडे लागतात, आणि कधी अंगावर सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग सापडतो. वेळेत ओळखलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. म्हणून शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या: ‘अमुक तारखांना अमुक गावी मुक्कामी होतो. ताप आल्यास हिवतापासाठी रक्त तपासावं.’ आणि पालकांच्या फोनची यादी दोन महिने जपा. चार गावांतल्या चार काविळी एकाच विहिरीच्या आहेत, हे फक्त त्या यादीवरून कळू शकतं.

एक चिठ्ठी आली आहे. एका शिक्षिकेने विचारलंय, ‘वर्गातल्या मुलीला सिकलसेल आहे. तिला शिबिराला न्यावं का?’

बाई, चांगला प्रश्न आहे. आपल्या भागात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल बराच आढळतो, तेव्हा हा प्रश्न इथल्या प्रत्येक शाळेचा आहे. आधी कार्ड बघा: ती वाहक आहे की रुग्ण. वाहक असेल तर साधारणपणे अडचण येत नाही, फक्त पाणी भरपूर प्यायला लावा. रुग्ण असेल तर तिच्या डॉक्टरांना विचारून न्या, पण न्या. तिच्या रोजच्या गोळ्या तुमच्याकडेही ठेवा. पहाटेच्या थंड पाण्याची आंघोळ तिला नको, उन्हातलं श्रमदान नको. आणि एक गोष्ट बायकांनाच जास्त कळेल: संडास घाण असला की मुली पाणी पिणं बंद करतात. बाकीच्या मुलींचं त्यात डोकं दुखेल. हिच्या रक्तातल्या पेशी पाण्याअभावी अडकतात आणि हाडं फोडून काढणारी कळ उठते. तेव्हा मुलींचा संडास रोज दोनदा धुतला जातोय का, हे तुम्ही स्वतः बघा. तिला ताप आला तर गोळी देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा. त्यासाठी गाडी कुणाची आणि ड्रायव्हर कुठे झोपतो, हे पहिल्या दिवशीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.