मस्तिष्कातील रोहिणी-विस्फार आणि शोथप्रक्रिया

मस्तिष्काच्या तळाशी रोहिण्यांचे एक कडे असते. इंग्लिश वैद्य टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. या कड्यातील रोहिण्यांना जेथे फाटे फुटतात, तेथे भित्ती फुगून कधी कधी पिशवीसारखा फुगवटा तयार होतो. यासच रोहिणी-विस्फार म्हणतात. प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के व्यक्तींमध्ये तो आढळतो. बहुतेक विस्फार आयुष्यभर फुटत नाहीत. परंतु जो फुटतो, तो सुमारे एकतृतीयांश रुग्णांचा प्राण घेतो. तेव्हा कोणता विस्फार वाढेल आणि कोणता तसाच राहील, हा येथील खरा प्रश्न होय.

पूर्वी हा दोष केवळ जन्मजात व यांत्रिक मानला जाई. मस्तिष्कातील रोहिण्यांच्या भित्तीत बाह्य स्थितिस्थापक पटल नसते व मधला थरही पातळ असतो, हे खरे. तथापि एवढ्याने विस्फाराची उत्पत्ती उलगडत नाही. कारण ही रचना सर्वांचीच असते.

आज मान्य होत असलेली उपपत्ती अशी : फाट्यापाशी रक्तप्रवाहाचा ताण अंतःस्तराच्या कोशिकांवर पडतो. त्यांत एनएफ-कप्पा-बी हे नियामक प्रथिन कार्यप्रवण होते. त्यामुळे स्रवणारी रासायनिक द्रव्ये रक्तातील भक्षिकोशिकांना भित्तीत ओढून घेतात. या कोशिका स्रवतात ती विकरे इलॅस्टिन व कोलॅजेन यांचे विघटन करतात. मृदुस्नायू-कोशिका आकुंचनाचे कार्य सोडून स्वतःच शोथास हातभार लावतात व पुढे मरतात. दुबळी भित्ती फुगते, फुगवट्यात प्रवाह विस्कळीत होतो आणि शोथ अधिकच वाढतो. असे हे दुष्टचक्र आहे.

१९७८ मध्ये हाशिमोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाब वाढवून व मानेतील रोहिणी बांधून उंदरांत विस्फार निर्माण केले. २००४ मध्ये हेलसिंकी येथील संशोधकांनी ६६ मानवी विस्फारांच्या भित्ती तपासल्या. त्यांपैकी ४२ फुटलेले व २४ न फुटलेले होते. फुटलेल्यांत शोथकोशिकांचे प्रमाण अधिक आढळले. यावर आक्षेप असा, की शोथ हे फुटण्याचे कारण नसून परिणामही असू शकेल. त्याचे बऱ्याच अंशी उत्तर प्राणिप्रयोगांतून मिळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत भक्षिकोशिकांची संख्या आधीच घटविलेल्या उंदरांत विस्फार कमी प्रमाणात उत्पन्न झाले. म्हणजे शोथ हा निदान उंदरांत तरी केवळ साक्षीदार नाही.

धूम्रपान व उच्च रक्तदाब विस्फारास घातक का ठरतात, याचाही या उपपत्तीमुळे काहीसा उलगडा होतो. कारण दोन्हींमुळे भित्तीतील शोथास चालना मिळते. काही निरीक्षणात्मक अभ्यासांत ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये विस्फार फुटण्याचे प्रमाण कमी दिसले. परंतु असा सहसंबंध म्हणजे उपचाराची सिद्धता नव्हे. शिवाय शोथप्रक्रियेचे एक अंग भित्तीच्या दुरुस्तीचेही असते. म्हणून तिचा सरसकट निरोध न करता, तिच्यातील विध्वंसक अंगच कसे आवरावे, हे शोधणे अगत्याचे आहे.